थंडीसाठी बांधलेली भिंत

गेल्या महिन्यात धुळ्याहून मामेभावाचा फोन आला, "नाना गेले." चहा पिऊन पेपर वाचत बसले होते, तसेच गेले. माझे हे मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पण लढाईच्या गोष्टी त्यांनी आम्हां भाच्यांना कधी सांगितल्या नाहीत. टीव्हीवर युद्धाची चर्चा रंगली, की ते उठून बाहेर ओट्यावर बसत.

मी अमळनेरच्या कॉलेजात शिकवतो. सीमेवर तणाव होता तेव्हा मीच त्यांना आग्रहानं भाषणाला बोलावलं. हॉल भरलेला. नाना एका हिवाळ्याबद्दल बोलले. सीमेवरच्या त्यांच्या चौकीची पडकी भिंत वारा अडवत नव्हती, म्हणून त्यांच्या तुकडीनं ती बांधायला घेतली. समोरच्यांना वाटलं, हे पुढे सरकतायत. त्यांनी माणसं वाढवली, ते पाहून यांनीही वाढवली. खाली ओढा होता, त्याचं पाणी दोघंही भरत; तो कोणाचा, यावर दोन देशांचे नकाशे दोन तऱ्हांचे. चौथ्या दिवशी गोळी सुटली... आणि नानांच्या शेजारी उभा असलेला पारोळ्याकडचा भिका गेला.

"मग चूक त्यांचीच ना, सर?" एका मुलीनं विचारलं.

"इतकी वर्षं मीही तेच म्हणायचो," नाना म्हणाले. "पण त्यांच्या जागी असतो, तर मलाही तशीच भीती वाटली असती."

टाळ्या पडल्या नाहीत. स्टँडवर एसटीची वाट पाहताना त्यांनी मला विचारलं, "मी भिकाचा अपमान तर नाही ना केला?" एसटी आली, मी त्यांची पिशवी आत ठेवली.

त्यानंतर ते एकटेच भिकाच्या बहिणीकडे, सखूअक्काकडे गेले होते, हे मला त्यांच्या दहाव्याला कळलं. अक्कानंच सांगितलं. भाऊ देशासाठी गेला, एवढंच तिला तोवर माहीत होतं. नानांनी भिंतीपासून सगळं सांगितलं, आणि रडले. "मी म्हनं, खरं सांगं ते बरं करं, भाऊ," अक्का अहिराणीत म्हणाली; खरं सांगितलं ते बरंच केलं, असं.

नानांच्या खोलीत शाळेतला मोठा नकाशा लावलेला आहे. त्यातल्या नद्या त्यांनी निळ्या पेन्सिलीनं गिरवल्यात, सीमांना हात लावलेला नाही. अक्का त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तो नाला कोठे शे?" तिनं विचारलं.

मी चष्मा लावून शोधला. एवढ्या मोठ्या नकाशात तो ओढा नव्हता.