मामेसासरे आणि तापलेला लॅपटॉप

अंदाज या गोष्टीशी जन्मभर वैर धरलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा माकणीच्या धरणावर पाण्याची पातळी मोजायच्या कामावर होते. रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीपाशी उतरायचं, आकडा वाचायचा, रजिस्टरात लिहायचा आणि वर कळवायचा, एवढीच नोकरी. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात. मामा उरलेलं जग मोजायला लागले. अंगणात पाऊस मोजायचं नळकांडं, पडवीत भिंतीला तापमापक, खिशात पेन्सिलीचा तुकडा आणि एक रेघांची वही. सकाळची एसटी फाट्यावर किती वाजता आली, हे तिच्या ड्रायव्हरपेक्षा त्यांना जास्त नेमकं ठाऊक असतं. मामी सांगतात, "थोरलीच्या वक्ताला माझं बाळंतपण अडलं व्हतं. म्या आत कळा देतीय आन् हे दाराबाहेर घड्याळ घिऊन बसलेले. आतनं जरा आवाज आला की ह्यांचं लिव्हणं सुरू." मग आवाज उतरवून त्या पुढचंही सांगतात, की तोच कागद बघून सुईणीनं वेळेत दवाखान्यात न्यायला लावलं, आणि म्हणून आज थोरली आहे.

शेजाऱ्याशी एकदा कडुनिंबावरून वाद झाला. मामांच्या अंगणातलं झाड आपल्या भिंतीवर कलतंय, ते तोडा, असं शेजाऱ्याचं म्हणणं. गावातली चार माणसं जमली. कुणी म्हणे कललंय, कुणी म्हणे नाही. मामा आत गेले आणि वही घेऊन आले. दर पाडव्याला गवंड्याचा ओळंबा लावून त्यांनी झाडाचं आणि भिंतीचं, दोन्हींचं माप घेऊन ठेवलेलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "झाड जागंवर हाय. भिंत चाललीय." शेजाऱ्यानं दुसऱ्याच आठवड्यात गवंडी बोलावला. भिंतीचा पाया खचला होता.

अशा माणसाच्या घरी मी माझा लॅपटॉप घेऊन गेलो, तो मे महिना होता. मी लोहाऱ्याला कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. पीएच.डी. झाल्याशिवाय कायमच्या नोकरीचं नाव काढायची सोय नव्हती, आणि विद्यापीठानं प्रबंधाला दिलेली शेवटची मुदतवाढ संपायला तीन आठवडे उरले होते. विषय होता आमच्या तालुक्यातले आठवडी बाजार. सगळी माहिती गोळा झाली होती, तक्ते तयार होते, फक्त लिहायचं राहिलं होतं. आणि ज्याच्यावर लिहायचं तो वापरलेला घेतलेला लॅपटॉप वीस मिनिटांत असा तापायचा की मांडीवर धरवत नसे. आतला पंखा मळणीयंत्रासारखा घोंगावायचा आणि मग एकदम अंधार. लिहिलेली पानंही कितीदा तरी त्या अंधारात गेली. कॉलेजातले एक सर म्हणाले, व्हायरस असेल. दुसरे म्हणाले, आपल्याकडचा उन्हाळा त्याला सोसत नाही. दुरुस्तीच्या एका दुकानदारानं तर न उघडताच बोर्ड गेल्याचं सांगून टाकलं. मला सगळ्यांचंच पटत होतं. शेवटी बायको म्हणाली, "मामांकडे जा. तिथं निदान शांतता आहे."

पहिल्याच दिवशी मी ओला पंचा घडी करून लॅपटॉपखाली घातला, तेव्हा मामा पडवीतून उठून आले.

"जावईबापू, हे काय?"

"थंड करतोय, मामा."

"किती थंड झाला?"

मी लॅपटॉपला हात लावून पाहिला.

"म्हंजे तुमाला म्हाईत न्हाय," मामा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, ती नोंद होती. त्यांनी पंचा काढून दोरीवर वाळत घातला, वहीचं कोरं पान काढलं, आणि माझा लॅपटॉप त्यांच्या ताब्यात गेला.

मामांचा नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक दिवस गादीवर, एक दिवस लाकडी टेबलावर, एक दिवस चार कोपऱ्यांना चार विटा लावून. पहाटेच्या गारव्यात एकदा, भर दुपारी एकदा. मी मात्र सगळीकडे तेच करायचं, म्हणजे लिहायचं. किती वाजता सुरू केला, पंखा कधी घोंगावला, कधी बंद पडला आणि त्या वेळी पडवीत तापमान किती, हे सगळं ते लिहून ठेवत. मला घाई झाली होती. तीन आठवड्यांतले पाच दिवस या मोजणीत गेले, तेव्हा मी जरा चिडूनच म्हणालो, "मामा, अशानं माझा प्रबंध कधी होणार?" त्यांनी वहीत पाहिलं आणि अतिशय आदरानं म्हणाले, "यंत्र एका दमात एकोणीस मिनिटं चालतंय. तुमी बारा." मी पाणी प्यायला, मोबाइल बघायला, उगाच अंगणात फेरी मारायला कधी कधी उठलो तेही त्यांनी लिहिलं होतं. त्या दिवसापासून मी उठणं कमी केलं, आणि खरं सांगायचं तर त्या बंद पडणाऱ्या लॅपटॉपवर माझी दोन प्रकरणं पुरी झाली.

दहाव्या दिवशी लॅपटॉप विटांवर होता. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कोण भाकरी करपवतंय?" चूल तर विझलेली होती. मामा उठले. लॅपटॉपच्या बाजूच्या जाळीतून गरम वारा येत होता, तिथं त्यांनी नाक नेलं आणि डोळे मिटून उभे राहिले.

"जवारीचा वास हाय," ते म्हणाले. "हा तुमच्या आधी कुणापाशी व्हता?"

मी सांगितलं, की गावातल्या एका पिठाच्या गिरणीत. गिरणीवाल्यानं सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं चित्र बघायला तो जात्याशेजारीच मांडून ठेवला होता. हे सांगताना माझा मलाच उलगडा होत गेला. मी लगेच स्क्रू काढायला काही मिळतं का ते शोधू लागलो, तर मामांनी हात धरला. "ज्याचं आतलं आपल्याला म्हाईत न्हाय ते उघडायचं न्हाय. आपलं काम भाईरचं लिव्हायचं." आणि त्यांनी लिहिलं: वास, भाजलेल्या ज्वारीचा. खाली आणखी एक ओळ, वास प्रथम मामींना आल्याची.

दुसऱ्या दिवशी आम्ही नळदुर्गला गेलो. हायवेच्या कडेला एक बाई दुरुस्तीचं दुकान चालवतात, कामात चोख आहेत असं ऐकलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्या फोनवर कानडीत कुणाला तरी झापत होत्या. फोन ठेवून त्यांनी लॅपटॉप हातात घेतला आणि म्हणाल्या, "उन्हाळ्यात सगळेच तापतात. बोर्ड गेला असंल." मामांनी वही पुढं केली. "उघडायच्या आधी एवढं वाचा, बाई."

बाईंनी एक पान वाचलं, मग दुसरं. मग स्टूल ओढून बसल्या. "पहाटेच्या गारव्यात बी बंद पडतोय, म्हणजे उन्हाचं कारण नाही," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "गादीवर लवकर पडतो, विटांवर दुपटीनं चालतो. बोर्ड ठीक आहे, काका. ह्याला श्वास घेता येत नाही." त्यांनी मागचं झाकण काढलं. पंखा आणि जाळी यांच्या मधोमध पिठाचा थर बसला होता, उष्णतेनं भाजून तांबूस झालेला, अगदी भाकरीचा पापुद्रा. बाईंनी तो चिमट्यानं अख्खा उचलला आणि मामांच्या तळहातावर ठेवला. मग ब्रशनं पंखा साफ केला, ब्लोअरनं जाळी फुंकली, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट खरवडून नवी लावली, आणि लॅपटॉप सुरू करून टेबलावर ठेवला.

"काका, ही वही माझ्याकडं ठेवाल? गिऱ्हाइकांना दाखवीन. लोक येतात आणि नुसतं बिघडलंय म्हणतात."

मामांनी वही देणं शक्यच नव्हतं. पण त्यांनी दोन कागद मागून घेतले आणि दुकानातल्या बाकड्यावर बसून सगळ्या नोंदी सुवाच्य अक्षरात उतरवून दिल्या. ते लिहीत होते तोवर एक तास होऊन गेला. लॅपटॉप चालूच होता. पंख्याचा आवाज ऐकू येत नव्हता.

परतीच्या एसटीत मामा खिडकीबाहेर बघत बसले होते. तसेच बघत म्हणाले, "धरणावर एवढे आकडे लिव्हले म्या. वर पाठवायचो. पुढचं बघायचं माझं काम न्हवतं." मग, "आज बाईंनी माझ्यासमोर वाचलं." एवढंच. घर येईपर्यंत त्यांनी वहीही उघडली नाही.

प्रबंध मुदतीत गेला, पुढं नोकरीही लागली, ती भूम तालुक्यात ईटला. एक बांधलेली प्रत मी मामांना नेऊन दिली, मानाची म्हणून. ती कपाटात राहील असंच मला वाटलं होतं. यंदा त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं आणि एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा भेटायला गेलो. मामा हिरवी पट्टी लावून खाटेवर पडले होते आणि उशाला माझा प्रबंध होता. कडेला पेन्सिलीच्या खुणा, शेवटच्या शंभरेक पानांवर मात्र काही नाही. "दिसंना झालं तवापास्नं मला वाचायला लावत्यात," मामी म्हणाल्या. "मला त्यातली गावांची नावं तेवढी कळत्यात."

मी विचारलं, "कसा वाटतोय, मामा?"

"दोन तक्त्यांच्या बेरजा चुकल्यात. बाकीचं समजंल एवढा म्या शिकल्याला न्हाय." त्यांनी प्रबंधावर हात ठेवला. "पर खोटं लिव्हल्यालं कुठं दिसलं न्हाय."

परीक्षकांनीही पुष्कळ चांगलं लिहिलं होतं. ते अहवाल कुठं ठेवलेत, मला आठवत नाही. मी खाटेशेजारी बसलो, मामींनी खूण घातलेलं पान काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. मामा आढ्याकडं तोंड करून ऐकत राहिले. दिवस कलेपर्यंत मी वाचत होतो, आणि मध्ये एकदाही त्यांनी वेळ विचारली नाही.