गोल फ्रेमची काच

१२ जुलै, शनिवार. त्या दिवशी काम एकच होतं: बाईंचा कुर्ता कापायचा.

बाई म्हणजे शेजारच्या पेठेत राहणाऱ्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या माझ्या जुन्या ग्राहक. त्यांच्या माहेरी हातमाग होते. ते बंद पडले तेव्हा मागावरून उतरलेलं शेवटचं चौकडीचं कापड त्यांनी जपून ठेवलं होतं. भाच्याच्या निकाहला त्याचाच कुर्ता घालायचा, असं ठरवून त्या ते माझ्या टेबलावर ठेवून गेल्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "दुसरं मिळणार नाही, लक्षात ठेवा." मी म्हटलं, "वीस वर्षांत मी कधी दुसरं मागितलंय?"

नारायण पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत आमचं शिवणकाम चालतं. मी कापते, धाकटी जाऊ शिवते. ती वाघोलीहून दोन बस बदलून येते. शिवण चुकली तर उसवता येते, कात्री चुकली तर काही करता येत नाही, म्हणून कात्री पहिल्यापासून माझ्याकडे. ग्राहक येतात ते माझ्या कापण्यासाठी, हे जाऊही मान्य करते.

माझ्या नाकावर मे महिन्यात घेतलेला चष्मा होता आणि तीन आठवडे मी त्याच्याशी भांडत होते.

मे महिन्यात डोळे तपासायला गेले, कारण कापडावरच्या आडव्या रेघा नीट दिसायच्या आणि उभ्या दुहेरी व्हायच्या. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाच्या आकड्यांसारख्या चहूकडे पसरलेल्या रेघांचा तक्ता दाखवला आणि कुठल्या रेघा जास्त काळ्या आहेत ते विचारलं. सगळ्या सारख्याच छापलेल्या असणार हे मला कळत होतं. तरी दहा ते चारची रेघ ठळक दिसली आणि एक ते सातची पुसट. त्यांनी समजावलं ते असं. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा सगळीकडून सारखा वळलेला हवा. माझ्या डाव्या डोळ्याचा चमच्याच्या पाठीसारखा आहे, एका दिशेनं जास्त वळलेला. त्यामुळे सगळ्या दिशांच्या रेघा एकदम स्पष्ट होत नाहीत. त्यावर जी काच देतात तिला सिलिंडर नंबर म्हणतात. तिचा वाकही एकाच दिशेला असतो आणि ती ठरावीक अंशांतच बसवावी लागते. तो अंशांचा आकडा कागदावर वेगळा लिहिला होता. मी तो वाचला नाही. माझ्या दृष्टीनं नंबर म्हणजे नंबर.

फ्रेम गोल घेतली. जुनी चौकोनी फ्रेम वाकून कापताना गालाला टेकायची, ही टेकत नव्हती. पहिले दोन-तीन आठवडे उत्तम गेले. उभ्या रेघा उभ्या राहिल्या. एकदा टाचणी लागून डाव्या काचेच्या कडेला, फ्रेमच्या स्क्रूला लागून, बारीक ओरखडा उठला. तेवढाच एक राग आला होता.

मग हळूहळू घर वाकडं व्हायला लागलं. भिंतीवरचं कॅलेंडर कललेलं दिसे. मी ते सरळ करी आणि संध्याकाळी यजमान ते परत हलवत. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कॅलेंडरनं तुझं काय बिघडवलंय?" मी म्हटलं ते वाकडं आहे. "कॅलेंडर सरळ आहे," ते म्हणाले. टेबलाचा कोपराही काटकोनात वाटेना, म्हणून सुताराला दोन शब्द सुनावले. तो बिचारा गुण्या लावून दाखवून गेला.

चष्म्याच्या दुकानात दोनदा गेले. दुकानदारांनी चष्मा मशीनखाली धरला, दोन आकडे कागदाशी ताडले आणि नंबर बरोबर असल्याचं सांगितलं. सवय व्हायला वेळ लागतो म्हणाले. मी म्हटलं, आधी सवय झाली होती, आता मोडलीय. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "बाई, चष्मा नवा आहे. डोळे नवे नाहीत." मागे थांबलेलं गिऱ्हाईक हसलं. मी चष्मा उचलून घरी आले.

घरी, शेजारी, फोनवर, सगळ्यांचं निदान एकच: वय. पन्नाशी जवळ आली की बाईचं काहीही दुखलं तरी त्याला हे एकच उत्तर असतं. ते इतक्यांदा ऐकलं की मलाही खरं वाटायला लागलं होतं. भीती होती ती याचीच. दुखणं सोसता आलं असतं, पण नजर गेली तर कात्री गेली.

तर शनिवार. हातमागाचं कापड पाण्यातून काढलं की थोडं तिरकं होतं. चौकडी असेल तर ते लगेच दिसतं, चौकोन पतंगासारखे कलतात. मग दोघींनी समोरासमोरचे कोपरे धरून ओढायचं आणि चौकोन सरळ झाले की थांबायचं. केव्हा थांबायचं हे मी नुसत्या नजरेनं ठरवते. पट्टी लावत नाही. माझ्या शिक्षिकेनं तसंच शिकवलं होतं आणि मला त्याचा थोडा ताठाही आहे. कापड टेबलावर घातलं तर चौकोन कललेले दिसले. जाऊ दुसऱ्या टोकाला होती. "ओढ," मी म्हटलं. ती म्हणाली, "ताई, बरं दिसतंय की." मी परत म्हटलं, ओढ. तिनं ओढलं. चौकोन सरळ दिसले, मी खडू मारला आणि कुर्त्याची पाठ कापली.

कापलेली पाठ टेबलावरून उचलली, तशी ताण सुटून ती आपल्या मूळ जागी सरकली. एक बाजू दोन बोटं लांब. चौकडी खाली उतरत गेलेली. जाऊनं लोखंडी पट्टी आणून वर ठेवली. पट्टीची गरज नव्हती. तेवढं मलाही दिसत होतं.

मग ती म्हणाली, "ताई, राग मानू नका. कापायचं आता माझ्याकडे द्या. तुम्ही हातशिलाई बघा, हुकं बघा."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. मी म्हटलं, ने. तिनं उरलेलं कापड आणि वाकडी पाठ पिशवीत घातली, घरी बसून काय निघतं ते बघते म्हणाली, आणि पाचच्या बसला गेली.

मी टेबल आवरलं. हाताला खडू होता, तो चष्म्याला लागला, म्हणून ओढणीच्या टोकानं काच पुसायला घेतली. अशी मी दिवसातून पंधरा वेळा पुसते. आतून अंगठा, बाहेरून बोट, आणि गोल गोल फिरवायचं, नेहमी एकाच दिशेला. डाग राहिला का बघायला काच खिडकीकडे धरली. ओरखडा दिसला. पण तो स्क्रूजवळ नव्हता. चांगला करंगळीच्या रुंदीएवढा खाली होता.

ओरखडा चालत नाही.

काचेवर अंगठा दाबून जरा फिरवलं. काच फिरली. फ्रेमचा स्क्रू ढिला होता, आणि फ्रेम गोल, म्हणजे काचेला अडवायला कोपराच नाही. रोज पुसता पुसता मी स्वतःच ती फिरवत आणली होती. ओरखडा परत स्क्रूपाशी आणला, चष्मा घातला आणि टेबलाकडे पाहिलं. कोपरा काटकोनात होता. कॅलेंडर मात्र वाकडं होतं, कारण सकाळीच मी ते सरळ केलं होतं.

आनंद वगैरे झाला नाही. संताप झाला. दुकानदारांनी दोन आकडे ताडले, तिसरा, अंशांचा, ताडला नाही. आणि मी, जी कापडाचा एक धागा हलला तर ओळखते, तिनं तीन आठवडे नाकावरची काच हललेली ओळखली नाही. जाऊला फोन केला. "कापलंस का?" म्हटलं. "जेवण झाल्यावर घेणार होते." "हात लावू नकोस. सकाळी मी येते." ती बरं म्हणाली, पण त्या बरंमध्ये शंका होती.

रविवारी सकाळी चष्म्याचं दुकान बंद. शिवणयंत्राच्या छोट्या पेचकसानं स्क्रू आवळला आणि नेलपॉलिशचा एक ठिपका अर्धा काचेवर, अर्धा फ्रेमवर येईल असा लावला. पुन्हा हलली तर ठिपका तुटेल. मग बाईंना फोन करून सांगितलं की पाठ मी वाकडी कापली, जमलं तर खांद्याजवळ जोड येईल, आणि काच फिरल्याचंही सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती अंशांनी?" मी म्हटलं, अंदाजे वीस. "अंदाजे नको. आता मोजून कापा," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

कात्री पिशवीत घालून मी वाघोलीची बस धरली. जाऊच्या खाण्याच्या टेबलावर वाकडी पाठ ओली करून, ओढून जागेवर आणली. बगलेच्या खालचा भाग नीट निघत होता. वरच्या जोडासाठी बाह्यांच्या कापडातून पट्टी काढायची होती, तेही दोघींनी धरून ओढलं. मी थांब म्हटलं तिथे जाऊ थांबली. मग तिनं मुलाच्या कंपासपेटीतला गुण्या आणून चौकडीच्या कोपऱ्यावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला ते आवडलं नाही. गुण्या बरोबर बसला होता. मी तो तिथेच राहू दिला आणि कापायला घेतलं.