काचेतली मोनिका

साळूबाई माझी शेजारीण. छावणीत आमची दारं लागून. तोंडाची फटकळ, कामाला वाघ, अन् कुणी कीव केली की चवताळायची. वहाबभाईच्या कारखान्यात झाडलोट करायची. कारखाना कसला, पत्र्याची एक खोली! तिथं वहाबभाई बर्नरवर काच वितळवून कॉलेजांच्या प्रयोगशाळेला परीक्षानळ्या करून द्यायचा.

तिची एकुलती लेक मोनिका, फर्दापूरला दिलेली. मागच्या उन्हाळ्यात सासरी जळून मेली. गॅसचा भडका उडाला म्हणं. हा भडका नेमका सुनेवरच कसा उडतो, हे मला कुणीतरी सांगा! साळूबाई पोचली तवर पोरगी चादरीत गुंडाळलेली. एकदा तोंड बघू द्या म्हणून ही सगळ्यांच्या पाया पडली. "बघवणार नाय, मावशी," म्हणत बायांनी तिला धरून ठेवलं, अन् तिकडं पुरुषांनी उरकून टाकलं.

मग साळूबाईनं खाट धरली. पाणीसुद्धा मी चमच्यानं पाजायची. शेवटी माझंच डोकं फिरलं, अन् तिला ओढतच कामावर नेलं.

वहाबभाईच्या फळीवर उरल्यासुरल्या काचेची वीतभर माणसं असायची. कुणी पाणी वाहणारी बाई, कुणी केस विंचरणारी. नाक-डोळे मात्र एकालाही नाय. चेहरा देणं अल्लाचं काम, आपण त्यात हात घालायचा नाय, असं त्याच्या अम्मीनं लहानपणीच बजावलेलं.

केस विंचरणारीपुढं साळूबाई लई वेळ उभी राहिली. "अश्शीच मान वाकडी करायची माझी बाय," म्हणाली. त्या दिवशी घरी येऊन तिनं भाकर मागून खाल्ली! मग रोज त्या बाईला पुसायची, तिच्याशी बोलायची. नळावर माझ्याशी भांडायलासुद्धा लागली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण पुढं तिनं हट्टच धरला. "वहाबभाई, हिला मोनिकाचं तोंड द्या."

"साळूआपा, ये काम मेरेकू नको बोलो."

"शेवटचं तोंड बघितलं नाय हो मी, भाऊ."

किती दिवस तो नाय नाय म्हणत राहिला. पण तिचे डोळे बघून माणूस विरघळला. मोबाइलमधला फोटो समोर ठेवून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा चेहरा केला. साळूबाईनं ती काचेची बाई हातात घेऊन उजेडाकडं धरली.

"तीच हाय! नाक जरा फुगलंय बघा. तेवढं नीट करा."

काच नीट करायची म्हणजे परत जाळात धरायची. त्याचं रोजचंच काम ते. त्यानं बाई आधी लांबून शेकली, मग जाळात घेतली. मी चहा घेऊन तिथंच उभी. आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाय, काय करतोय ते. आग लागो आमच्या अकलेला!

नाक मऊ झालं. मग गाल ओघळला. डोळ्याची खोबण खाली सरकली.

साळूबाईनं जाळात हात घातला. वहाबभाईनं बर्नर बंद करेपर्यंत तिच्या बोटांची सालं निघाली होती. तो पोरासारखा रडायला लागला, "माफ करो आपा, माफ करो." मी तिचा हात पाण्यात बुडवायला ओढत होते, पण काचेच्या बाईवरची तिची मूठ सुटंना. ती त्या चेहऱ्याकडं बघतच राहिली.

"रडू नका, भाऊ," ती म्हणाली. "मला माझ्या लेकीचं शेवटचं तोंड बघायचं होतं. बघितलं."