मीनाबाईच्या फ्रिजची तक्रार

सोलापुरात मे महिना लागला की त्रिंबक गायकवाडला घर दिसायचं ते फक्त जेवायला आणि झोपायला. फ्रिज, कूलर, एसी, जे म्हणून थंड करतं ते सगळं नेमकं याच महिन्यात रुसतं. जुळे सोलापूरपासून होटगी रोडपर्यंत लोक त्याची वाट बघत बसायचे. त्याचा हात चांगला होता आणि जीभ त्याहून चांगली. कुठल्याही घरी गेला की आधी पाणी प्यायचा, घरातल्यांची ख्यालीखुशाली विचारायचा, आणि मग फ्रिजच्या मागं वाकून आधीच्या मेकॅनिकनं काय घाण करून ठेवलीय ते सविस्तर सांगायचा. आधीचा मेकॅनिक कोण, हे त्याला कधीच ठाऊक नसायचं. पण तो वाईटच असणार याबद्दल त्याला शंका नसायची.

अशा या माणसाच्या बुधवार पेठेतल्या घरात त्या उन्हाळ्यात दूध दुपारपर्यंत टिकेना. फ्रीझरच्या मागून घरघर यायची, मग ती बंद पडायची, आणि खालच्या खणातली कोथिंबीर उकडल्यासारखी व्हायची. मीनाबाईनं नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो चपला घालत होता.

"दिवसभर बंद करून ठेव की. दार उघडं ठेव. हुतोय बरा."

आणि फ्रिज खरंच बरा झाला. आठवडाभर गार पाणी मिळालं. त्रिंबकनं त्याचं श्रेय जेवताना घेतलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पुन्हा बंद, पुन्हा बरा, पुन्हा श्रेय. तिसऱ्या खेपेला मात्र मीनाबाईनं रविवारसाठी इडलीचं पीठ आत ठेवलं होतं. त्या ऊबदार खणात पीठ असं फुगलं, की झाकण ढकलून बाहेर आलं, खालच्या वांग्यांवर उतरलं आणि दाराच्या रबरात जाऊन बसलं. त्रिंबकनं वाकून पाहिलं आणि तो म्हणाला, "पीठ मातुर झकास आलंय."

मीनाबाई तशीच उठली. तिनं दूध, कणीक आणि वाचलेलं पीठ उचललं आणि शेजारच्या दानेश्वरीच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं. दानेश्वरीचे वडील कल्लप्पा अक्कलकोटकडच्या गावाहून डोळे तपासायला आले होते आणि बाजेवर बसून शेंगा फोडत होते.

"मेकॅनिकच्याच घरचा फ्रिज असा कसा, मावशी?" दानेश्वरीनं विचारलं.

"त्यो बाहेरच्यांचा मेकॅनिक हाय. आपण बाहेरचं झाल्याबिगर न्हाय यायचा."

बोलून गेली आणि तिचं तिलाच ते पटलं. दानेश्वरीचा नंबर त्रिंबककडे होता. कल्लप्पांचा नव्हता, आणि कल्लप्पांना त्यानं कधी पाहिलं नव्हतं, त्यांचा आवाजही कधी ऐकला नव्हता. म्हाताऱ्याला योजना समजावून सांगितली तेव्हा त्यांनी शेंगांची टरफलं झटकली, घसा साफ केला, त्रिंबकला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि ते कानडी वळणाच्या मराठीत बोलायला लागले.

"फ्रिजवालं मेकॅनिक का री? आमचं फ्रिज वर बर्फ करतंय, खाली गरम."

"बंद करून ठेवला की आठवडाभर चालतो, मग परत तसाच?" त्रिंबकनं पलीकडून विचारलं.

कल्लप्पांनी मीनाबाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली.

"हौद्री. अगदी तसंच."

"मग डिफ्रॉस्टचा सेन्सर गेला असणार. मागची कॉइल बर्फानं गच्च हुतीया, गार हवा खाली उतरत न्हाय. बंद केला की बर्फ वितळतोय, तेवढ्यापुरतं बरं वाटतंय. पण बंद करून ठेवा म्हणून सांगितलं कुणी तुमाला?"

"हाय एक मेकॅनिक."

"त्याला मेकॅनिक म्हणू नका. नुसतं बंद करा म्हणायला अक्कल लागती व्हय? आळशी असतात ओ, हात लावायला नको असतो. असल्या माणसाला दारात उभं करू नका."

मीनाबाईनं तोंडात पदर कोंबला. दानेश्वरी उठून मोरीकडं पळाली. कल्लप्पांचा चेहरा मात्र हलला नाही.

"नाही करत री उभं. तुमी या. बुधवार पेठ, बुद्धविहाराच्या मागं. तिथं मी थांबतो."

"आमच्याच गल्लीत की. जेवायला निघालोयच, आधी तुमचं बघतो."

आणि तो आला. मीनाबाईनं लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला बोलावल्याबरोबर येताना पाहिलं. कल्लप्पांनी विहाराच्या कोपऱ्यावर त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि ते पुढं चालू लागले. त्रिंबक त्यांना आधीच्या मेकॅनिकबद्दल आणखी काही सांगत होता. सांगता सांगता तो आपल्याच दारासमोर आला, आपल्याच उंबऱ्याला ठेचकाळला आणि थांबला.

"या मेकॅनिक," मीनाबाई आतून म्हणाली. "पाणी देऊ?"

त्रिंबकनं कल्लप्पांकडं पाहिलं. कल्लप्पा आढ्याकडं बघत होते. दारात दानेश्वरी उभी होती आणि तिच्यामागं गल्लीतल्या आणखी दोघी. पळून जायला वाट नव्हती. शिवाय पिशवी कल्लप्पांच्या हातात होती. त्यानं पाण्याचा तांब्या घेतला, सावकाश प्यायला, आणि तेवढ्यात काय करायचं ते ठरवलं.

"काय तक्रार हाय, मॅडम?"

"थंड हुईना. आमच्यात आधी एक मेकॅनिक यायचे. बोलायला लई ग्वाड."

"ऐकलंय त्यांच्याबद्दल," त्रिंबक म्हणाला आणि खाली बसला.

प्लग काढून त्यानं फ्रीझर रिकामा केला. मागची प्लास्टिकची पाटी बर्फानं धरून ठेवली होती. त्यानं घाईनं ओढली तशी ती करकरली.

"सावकाश," मीनाबाई म्हणाली. "दुसऱ्याच्या घरात असं वढलं असतं का?"

नसतं ओढलं. त्रिंबकला हे माहीत होतं म्हणूनच त्यानं हात मागं घेतला. गरम पाण्याची पातेली आत ठेवली, दार लोटलं. सगळेजण बर्फ सुटायची वाट बघत बसले. कल्लप्पांनी उरलेल्या शेंगा तिथंच फोडल्या. पाटी सुटली तेव्हा मागं कॉइल दिसलीच नाही, नुसता पांढरा ढीग. त्यातून पंख्याचं एक पातं तेवढं वर आलं होतं.

"बया," मीनाबाई हलकेच म्हणाली.

बर्फ वितळला. त्रिंबकनं मीटर काढला. बर्फ वितळवायचा हीटर तपासला, तो धड होता. त्याच्या शेजारचा फ्यूज धड होता. मग कॉइलच्या नळीला चिमट्यानं अडकवलेला सेन्सर काढला. शेंगदाण्याएवढं बोंड आणि त्याला दोन वायरी. पाटीबरोबर निघालेल्या बर्फाला तर तोटा नव्हताच. त्यानं ग्लासात बर्फ आणि पाणी घेतलं, बोंड त्यात बुडवलं आणि वायरींना मीटर लावला.

"ह्यो आकडा बघत बसा. गार हुईल तसा वाढत गेला पायजे."

सगळ्यांनी बघितलं. आकडा जिथं होता तिथंच बसला. पिशवीतला नवा सेन्सर त्याच ग्लासात सोडला, तर आकडा भराभर चढायला लागला.

"म्हंजे झालं काय?" मीनाबाईनं विचारलं. मघाचा खोटा सूर आता तिच्या आवाजात राहिला नव्हता.

"ह्यो बर्फात बसून सांगतोय, हितं ऊन पडलंय. मग मशीन हीटर लावंल कशाला? बर्फ साचत जातोय."

"आणि बंद केला की नुसता साचलेला बर्फ जातोय. ह्यो तसाच ऱ्हातोय खोटं बोलत."

"व्हय."

ती जवळ सरकली. त्रिंबक वायरी जोडत होता, जोडावर प्लास्टिकची बारीक नळी चढवून ती आगकाडीच्या आचेवर आवळत होता, आणि ती त्याच्या बोटांकडं बघत होती. एवढ्या वर्षांत तिनं त्याला काम करताना पाहिलंच नव्हतं. तिला ठाऊक होता तो कामावरून आलेला, घामेजलेला, पंख्याखाली आडवा झालेला माणूस. हा इतका हळू हात कुणाचा, असं तिला वाटलं. त्रिंबकलाही कुणी इतकं जवळून बघतंय म्हटल्यावर एरवी सुचणारी बडबड सुचेना. आधीच्या मेकॅनिकबद्दल तर त्यानं चकार शब्द काढला नाही. सेन्सर होता त्याच जागी नळीवर नीट बसवला, पाटी लावली, पुसून घेतलं.

"झालं, मॅडम."

"बरं. आता हात धुवा, जेवायला वाढते. कल्लप्पा, तुमी बी बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजच्या मागच्या तबकात पाण्याचे थेंब टपटपू लागले. हीटर लागल्याची ती खूण. मीनाबाईनं ते आधी ऐकलं आणि दात घासत असलेल्या त्रिंबकला बोलावून ऐकवलं. दोघं फ्रिजला कान लावून उभी राहिली.

चपला घालताना त्रिंबक अडखळला. दारातून मागं वळून त्यानं, आपण काय विचारतोय हे कळायच्या आत, विचारून टाकलं, "घरात आणिक काय बिघडलंय का?"

मीनाबाईनं चहाचं आधण ठेवलं आणि त्याच्यासाठी पाट सरकवला.

"बसा की जरा," ती म्हणाली. "लई हाय."