खोका, साईं, खोका!

मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. आमच्या चामटोलीत हे दोन शब्द न अडखळता म्हणून दाखवणाऱ्याला मी स्वतःच्या हाताने पेढा भरवीन. डॉक्टर नाही, नर्स नाही, मग पोरगी करते तरी काय, असं विचारून विचारून लोकांनी आप्पांना भंडावून सोडलं होतं. शेवटी आप्पांनीच उत्तर शोधलं, "उल्हासनगरला हॉस्पिटलात लोकांना दम देते."

शेजारची काकू लगेच म्हणाली, "मग आमच्या सूनबाईला पण जरा दे की गं!"

घ्या! अगं बाई, ज्यांना श्वास घेता येत नाही त्यांना मशीनवर श्वास द्यायचा, आणि मशीन सुटलं की स्वतःचा घ्यायला लावायचा, एवढंच माझं काम.

तर आमच्या आयसीयूत एक सिंधी आजोबा होते. न्यूमोनिया झालेला. मुलाचं पॅकिंगच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचं दुकान. त्या सकाळी आजोबांच्या घशातली नळी काढली आणि मी जाम खूश झाले. पण आजोबा काही खोकेनात. छातीत कफ नुसता घरघरत होता. डॉक्टर म्हणाले, "दुपारपर्यंत कफ सुटला नाही तर नळी परत घालावी लागेल." या वयात परत घातलेली नळी पुन्हा निघेलच, असं कोणी सांगत नाही. दाराशी उभ्या असलेल्या मुलाने ते ऐकलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

मी वाफ दिली, पाठीवर थापा मारल्या, हिंदीत विनवण्या केल्या, "साईं, खाँसो ना." आजोबा थकून डोळे मिटायचे. ऑक्सिजनचा आकडा खाली यायला लागला तशी माझी हिंदी पळाली. घाबरले की मला फक्त गावची भाषा आठवते.

"अहो खोका ना! खोका! मोठ्ठ्याने खोका!"

मुलगा तीरासारखा बाहेर पळाला. म्हटलं, बिचाऱ्याला बघवलं नसेल. थोड्या वेळाने धापा टाकत आत आला. हातात खालच्या मेडिकलमधून उचललेला, तीन थरांच्या पुठ्ठ्याचा रिकामा खोका.

"मॅडम, अभी ये थ्री प्लाय मिला. बडा वाला दुकान से आ रहा है!"

मी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, खोका म्हणजे खाँसो! मराठीत!"

सिस्टर तोंड दाबून हसायला लागली. आजोबांनी डोळे उघडले. खोक्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. त्यांचं पोट हलायला लागलं. आवाज नाही, नुसतं हसू. त्या हसण्याचा ठसका झाला, ठसक्याचा खोकला झाला, आणि चांगला एवढा मोठा कफाचा गोळा माझ्या ट्रेमध्ये पडला. देवाशपथ सांगते, सोन्याचा गोळा बघूनही मी एवढी हरखले नसते. ऑक्सिजनचा आकडा हळूहळू वर चढला. नळीचा विषय संपला.

आजोबांनी मुलाला जवळ बोलावलं. नळी निघाल्यावरचे त्यांचे पहिले शब्द, घोगऱ्या आवाजात, "गधे, फाइव्ह प्लाय लाना था."

मुलगा मटकन त्या खोक्यावर बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. तीनच थरांचा तो खोका त्याच्यासकट खाली बसला. आजोबा परत हसले, परत खोकले. माझेही डोळे वाहत होते, पण मी ट्रे सोडला नाही.