धुवायच्या काचांची यादी

यादी मीच केली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर घरात सगळे म्हणत राहिले की दोष कुणाचाच नव्हता.

गोंदियाच्या बाजारातला आमचा स्टुडिओ सासऱ्यांनी उभा केलेला. मोठा लाकडी कॅमेरा, काळं कापड आणि काचेच्या प्लेटा. फोटोची निगेटिव्ह त्या काचेवरच उतरे. लेन्सची टोपी काढायची, मनात मोजायचं, टोपी परत लावायची. तेवढा वेळ समोरच्याने हलायचं नाही. मग सासरे, म्हणजे मामाजी, त्या काचेवर बारीक पेन्सिल चालवून देवीचे वण बुजवत, डोळ्यांत तेज आणत. लग्नाच्या कितीतरी मुली त्यांच्या पेन्सिलीने खपल्या, असं लोक हसत म्हणायचे. माझ्याकडे बायकांची गिऱ्हाइकं आणि नोंदवही. प्रत्येक काचेला नंबर, नंबरापुढे फोटो सांगणाऱ्याचं नाव. एकही नंबर कधी चुकला नाही.

स्वातंत्र्यानंतर आठ-नऊ वर्षांत सगळं बदललं. स्टेशनकडे दोन नवे स्टुडिओ निघाले. त्यांचा कॅमेरा गळ्यात अडकवता येई, एका रोलवर बारा फोटो निघत, आणि ते थेट लग्नाच्या मांडवात जाऊन भपकन दिवा पेटवून फोटो काढत. आमच्याकडे उरले शाळांचे ग्रुप आणि म्हातारी माणसं. शेवटी आमच्या यांनीही रोलचा कॅमेरा घेतला. त्याचे चिमुकले फोटो मोठे करायला एनलार्जर लागतो. तो नागपूरहून गुरुवारी गाडीने येणार होता. तो ठेवायला अंधारी खोली एकच, आणि तिच्यात भिंतभर काचांच्या फळ्या.

"काचा काढा, नाही तर दुकान काढा," हे मामाजींना म्हणाले. मामाजी भरल्या ताटावरून उठले. दोन दिवस बापलेक एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते.

जुनी काच सोड्याच्या गरम पाण्यात टाकली की वरचा थर सुटतो आणि कोरी काच उरते. फ्रेमवाला ती घेऊन जातो. कोणत्या काचा धुवायच्या ते मी ठरवलं. लग्नाच्या ठेवायच्या. वारलेल्या माणसांच्या ठेवायच्या. पाच वर्षांत कुणी परत प्रत मागितली असेल तर ठेवायच्या. शाळा, मिल, कचेऱ्या यांचे ग्रुप धुवायचे, कारण त्यांचे फोटो त्यांच्या भिंतीवर आहेतच. अशा नंबरांवर मी लाल रेघ मारली.

मंगळवारी सकाळी मागच्या अंगणात चूल पेटली. दोन गठ्ठे धुऊन झाले, आणि दुकानात एक बाई आली. पायांवर धुळीचा थर, हातात कापडाची पिशवी.

"फोटोवाली बाई तुमीच का जी?"

"हो. बसा. फोटो काढायचा का?"

"माह्या नाही. माह्या मालकाचा पायजे."

"मग मालकांना घेऊन या."

"तो कसा येईन? चार वर्स झाले त्याले मरून."

मी ओशाळले. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि सांगू लागली. ती गोरेगावकडची. नवरा इथे धानाच्या मिलमध्ये कामाला होता. मिलमध्ये नवं इंजिन आलं तेव्हा शेठने सगळ्या कामगारांचा फोटो काढवला होता.

"काल मिलात गेली तं मुनीम म्हणे, भिंतीवरचा फोटो उधळीनं पोखरला, फेकला. फोटोवाल्याकडं काच रायते म्हणे, थे पाय."

"चार वर्षं झाली म्हणता. मग आताच कशी आठवण झाली?"

"आठवण नाही होऊन राहिली, म्हणून आली न बाई." ती माझ्यावर चिडूनच बोलली. "त्याचा आवाज आठवते, चाल आठवते. तोंडच आठवून नाही राहिलं. पोरगी इचारते, बाबा कसा दिसे. का सांगू तिले?"

मी वही उघडली. शेठच्या नावाचा नंबर होता, आणि नंबरावर लाल रेघ. माझ्या वहीत फोटो सांगणाऱ्याचं नाव असे. काचेत उभं कोण आहे, हे मी कधी लिहिलंच नव्हतं.

"बसा जरा," मी म्हणाले आणि अंगणात गेले. हे घंगाळापाशी बसले होते.

"तिसरा गठ्ठा?"

"आत्ताच सोडला पाण्यात."

"काढा! आधी काढा त्या!"

"का? यादी तुझीच आहे ना?"

मी नंबर सांगितला. यांनी बाह्या सारल्या, तोच मागून मामाजींचा आवाज आला. "हात लावू नको. उपसशील तर उरलंसुरलंही जाईल." दोन दिवसांत ते पहिल्यांदा मुलाशी थेट बोलले.

त्यांनी कडेकडेने गार पाणी ओतायला लावलं. वरच्या काचा धड निघाल्या; मिलची मोठी काच तळाशी होती. तिच्यावरचा थर एका बाजूने सुटून दुधावरच्या सायीसारखा सुरकुतत होता. मामाजींनी एक स्वच्छ काच तिरपी धरून त्याच्याखाली सरकवली. थर काचेवर आला, पण एक कोपरा फाटून पाण्यात विरघळला. त्यात चार-पाच माणसं गेली.

वळून पाहिलं तर ती बाई दारात उभी होती.

"ह्याच्यात हाय का तो?"

"आहे. निदान होता," मी म्हणाले. "आम्ही धुवायला टाकली होती काच."

"कायले?"

"जागा नव्हती."

ती घंगाळापाशी येऊन वाकून पाहू लागली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मामाजींनी काच उजेडाकडे धरली. "कुठं उभे होते ते?"

"इंजिनाच्या चाकापाशी. घरी येऊन सांगे. म्या फोटो पायला नाही कधी."

चाक शाबूत होतं. चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस होता.

काच सावलीत वाळायला ठेवली. उन्हात ठेवली असती तर थर वितळला असता. गोरेगावची मोटार चारला सुटणार होती. मी जेवायला वाढलं, तिने ताटाला हात लावला नाही. हे दर पाच मिनिटांनी काचेपाशी जात आणि मामाजी दर वेळी म्हणत, "नाही अजून." तीन वाजून गेल्यावर एकदाचा कागदावर फोटो उतरला. कागद ओला असतानाच यांनी तो तिच्यासमोर धरला.

चाकाच्या डावीकडचा माणूस लख्ख आला होता. मिशीचा केस न् केस दिसत होता. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हा नोहे."

उजवीकडचा हलला होता. लेन्सची टोपी काढलेल्या तेवढ्या वेळात त्याने मान वळवली असणार. चेहऱ्याच्या जागी धुरकट पट्टा होता, त्यात कुठे नाक, कुठे हनुवटी. ती वाकली, फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हाच हाय," ती म्हणाली. "एका जागी कधी उभा नाही राहे. जेवतानी बी उठून फिरे." आणि मग पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "पोरगीबी तशीच हाय."

मामाजींनी खिशातून पेन्सिल काढली. "बाई, डोळे मी नीट करून देतो. नाकही. तासाभराचं काम आहे."

"तुमी त्याले पायलं होतं का जी?"

मामाजींनी पेन्सिल परत खिशात ठेवली. ओला फोटो दोन टिपकागदांत घालून त्यांनी स्वतः तिच्या पिशवीत ठेवला, आणि हे तिला मोटारीपर्यंत पोचवायला गेले.

एनलार्जर गुरुवारी आला. खोली त्यालाच दिली. त्यात बदल करता येण्यासारखा नव्हता. ग्रुपच्या उरलेल्या काचा आमच्या पलंगाखाली आणि मामाजींच्या कपाटात गेल्या. मामाजी काही दिवसांनी अंधाऱ्या खोलीत जाऊन मुलाला प्रिंट कशी फिकी येते ते सुनावू लागले.

मी वही काढून बसले. पहिल्या दोन गठ्ठ्यांत अकरा ग्रुप धुतले गेले होते. त्यांची वेगळी यादी केली आणि पुढचा महिनाभर शाळा, मिली आणि कचेऱ्यांच्या भिंती पाहत फिरले. तिरोड्यालाही जाऊन आले. सात फोटो भिंतीवर होते. ते उतरवून घेऊन त्यांच्यावरून नव्या कॅमेऱ्याने प्रती काढल्या, आणि या वेळी प्रत्येक माणसाचं नाव विचारून लिहिलं.

चार मिळाले नाहीत. त्यांत कोण कोण उभं होतं, ते मला माहीत नाही.