राक्षसिणीचा चष्मा

इतवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी बसून मी मोबाइल गेमसाठी चित्रं काढते. टॅबवर राक्षस, उडते मासे, जादूची जंगलं, असलं सगळं. एकदा एका राक्षसिणीनं माझा जीव खाल्ला. तिच्या हातात चमकणारं अंडं होतं. त्याचा उजेड खालून तिच्या तोंडावर पडायला हवा होता, पण माझ्या चित्रात ती हळद लागलेल्या नवरीसारखीच दिसायची.

शेवटी आत्याला म्हटलं, "आत्या, जरा राक्षसीण होशील का?"

मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "केस मोकळे सोडू का?"

भर दुपारी खिडकीवर चादर लावून मी खोलीत अंधार केला. आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्यात मोबाइलचा टॉर्च लावला, झाकण घातलं आणि ते अंडं आत्याच्या हातात दिलं. काय चेहरा उजळला तिचा! नाकाची सावली थेट कपाळावर. आत्यानं डोळे वटारले आणि कुणी सांगितलं नसताना गुरगुरायलाही लागली.

"आत्या, आवाज नकोय. चित्र आहे."

"अगं, त्याशिवाय फीलिंग कसं येईल?"

तेवढ्यात बहादरपूरचे मामा केळी घेऊन आले आणि दार ढकलून थेट खोलीत. समोर आत्या. मामांनी केळी हळूच खाली ठेवली.

"ताई, तब्येत बरी आहे ना?"

"दार लावा आधी!" आत्या ओठ न हलवता म्हणाली. "माझी सावली चालली."

मी मामांना सगळं समजावलं, खिडकीवरची सुटत आलेली चादर धरायला उभं केलं आणि टॅबनं आत्याचे फोटो काढू लागले. पण आत्या गुरगुरली की मामांना हसू फुटायचं, चादर निसटायची आणि राक्षसिणीवर लख्ख ऊन पडायचं. त्यांनी चादर परत ताणली तशी आत्या त्यांच्यावर खरंच ओरडली, आणि नेमका तोच फोटो सगळ्यात भारी आला.

तो समोर ठेवून मी चित्र पुरं केलं. सावली न् सावली उतरवली आणि ऐटीत पाठवून दिलं. गेमवाल्यांचा फोन आला. "लाइट एकदम सही है। पर भौंहों के ऊपर ये दो गोल-गोल क्या हैं?"

मी मोठं करून पाहिलं. आत्यानं चष्मा काढलाच नव्हता. राक्षसिणीला चष्मा नव्हता, पण भुवयांवर आत्याच्या चष्म्याची काड्यांसकट सावली पडली होती. मी पोट धरून हसत सुटले.

आत्या मात्र गंभीर. "त्यात काय? चष्मा दे तिला. एवढी शेकडो वर्षं जगली, नजर अधू होणार नाही का?"

दिला. गेमवाल्यांना तो इतका आवडला की त्यांनी राक्षसिणीच्या नवऱ्याचंही चित्र मागितलं. मी मामांना फोन लावला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "दाढी करून येऊ का तशीच ठेवू?"